कुठल्या जीपचा सेल्फ?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या हायवेला लागा. पंक्चरवाल्याच्या शेजारी, चहाच्या टपरीला चिकटून एक पाटी हमखास दिसते : 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स. सेल्फ-डायनामो दुरुस्ती.' यातला डायनामो गाड्यांमधून केव्हाच गेला, त्याच्या जागी अल्टरनेटर आला, पण पाटी बदलली नाही. आणि 'सेल्फ' म्हणजे स्टार्टर मोटर. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिले काही फेरे देणारी, आणि इंजिन उठलं की बाजूला होणारी. इंग्रजीत हिला आधी 'सेल्फ-स्टार्टर' म्हणत. त्यांनी 'सेल्फ' टाकून 'स्टार्टर' ठेवला, आपण 'स्टार्टर' टाकून 'सेल्फ' ठेवला. मला आपली निवड जास्त बरोबर वाटते. गाडी 'आपली आपण' चालू होते, ही त्यातली खरी बातमी होती. आपल्याकडे ती बरीच वर्षं बातमीच राहिली, कारण हँडल मारणं आणि धक्का देणं हे दोन पर्याय कायम जोडीला होते.

या वस्तूचा जन्म एका अपघातातून झाला असं सांगतात. डेट्रॉइटजवळ बंद पडलेली गाडी चालू करून द्यायला बायरन कार्टर नावाचा मोटार-उत्पादक पुढे झाला, हँडलचा उलटा फटका जबड्यावर बसला आणि पुढे त्यातच तो गेला. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लीलंड त्याचा मित्र. हँडल नको, काहीतरी करा, असं त्याने मनावर घेतलं. या कथेच्या तपशिलांवर इतिहासकारांचं एकमत नाही. पण हँडलने मनगटं मोडत, हे मात्र अगदी खरं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायचं, विळखा घालायचा नाही, हे आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांनाही पाठ असायचं.

उपाय शोधला चार्ल्स केटरिंगने. हा डेटनचा. त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवायची मोटर त्याने तिथे केली होती. इंजिन फिरवायला विजेची मोटर लावायची तर ती इंजिनाएवढीच मोठी लागेल, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटे. केटरिंगला गल्ल्यावरून एक गोष्ट ठाऊक होती : मोटरला दिवसभर राबायचं नाहीये. काही सेकंदच ओढायचंय. तेवढ्या वेळापुरता तिच्यावर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळ लागतो. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला. त्यात गंमत अशी, की तेच यंत्र गाडी चालू करताना मोटर असे आणि गाडी धावू लागली की बॅटरी भरणारा डायनामो. आपल्या पाट्यांवरची 'सेल्फ-डायनामो' ही जोडी जन्माने एकाच पोटातली आहे.

(या शोधाने विजेवरच्या गाड्यांच्या पहिल्या पिढीला संपवायला हातभार लावला, हेही नोंदवून ठेवतो. हँडल मारावं लागत नाही, हा त्या गाड्यांचा मोठा विक्रीमुद्दा होता. एका विजेच्या मोटरने पेट्रोल गाडीला जिंकवलं.)

इंजिनिअरिंगला असताना 'डीसी सिरीज मोटर' हा तोंडी परीक्षेतला हुकमी प्रश्न होता. थांबलेली असतानाच ती सगळ्यात जोरात पिळते, म्हणून सेल्फला तीच वापरतात. त्या क्षणी ती बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढते. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात ते त्यामुळे. मोटरच्या टोकाला आठ-दहा दातांचं छोटं चाक, ते फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी रिंगमध्ये घुसतं आणि इंजिन चालू होताच मागे येतं. हे घुसणं-सुटणं साधणारी एक यंत्रणा व्हिन्सेंट बेंडिक्सच्या नावाने १९१४च्या सुमारास बाजारात आली. पुढे वेगळ्या यंत्रणा आल्या, पण आपल्या मिस्त्रींनी ते पुढचं चाक मग कशानेही ढकललं जात असो, त्याला 'बेंडिक्स' म्हणणं सोडलं नाही. 'बेंडिक्स गेलाय' या दोन शब्दांत अमेरिकन उद्योगाचा एक धडा मावलेला असतो.

मी हे सगळं खणत बसलो त्याचं कारण कराडकडच्या माझ्या मामांची जीप. गाडी साठच्या दशकातली, जन्माने पेट्रोल. ऐंशीच्या दशकात तिच्यात डिझेल इंजिन बसवलं गेलं. काही वर्षं ती वडापला होती, मग ऊस आणि खताच्या पोत्यांना, मग गोठ्याशेजारी. गेल्या वर्षी सेल्फ गेला. मामा ती उतारावर लावून ठेवत आणि लोळवून चालू करत. पण डॉक्टरांनी त्यांना धक्का मारायला मनाई केली आणि उतार घरापासून लांब आहे. गाडी विकायची की ठेवायची हा प्रश्न त्यामुळे एका वस्तूवर येऊन ठेपला. "अरे, तू पुण्यात असतोस, नाना पेठेत मिळंल की," मामा म्हणाले.

नाना पेठेतल्या दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला : "कुठल्या जीपचा?"

हा प्रश्न ऐतिहासिक आहे. आणि जीपच्या जन्माकडे पाहिलं तर तो पडायलाच नको होता.

१९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी-गाडीसाठी निविदा काढली आणि पहिला नमुना द्यायला ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायच्या जरासं आधी, गाडी हजर केली. पण मोठं काम मिळालं विलीज-ओव्हरलँडला, आणि मागणी वाढल्यावर विलीजच्याच आराखड्यावर फोर्डला. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप केल्या. सैन्याची अट अशी, की एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' अक्षर उठवून घेतलं, तेवढाच फरक. बर्मेच्या चिखलात एका मोडक्या जीपचा सेल्फ काढून दुसरीला लावता यावा, यासाठीच ही गाडी घडली होती. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे दोन संघांनी लिहिलेले प्रोग्राम एकमेकांशी बोलू लागावेत म्हणून महिनोन् महिने बैठका होतात. इथे दोन स्पर्धक कारखान्यांनी लाखो लोखंडी वस्तूंवर ते साधलं होतं.

त्या युद्धातल्या जीपची वीज होती ६ व्होल्टची. सेल्फचं बटण पायाखाली. तुडवलं की मोटर फिरे. आणि बॅटरी बसली तर पुढच्या बंपरमधून हँडल घालायची सोय होतीच. पेट्रोल इंजिनाचं दाबाचं प्रमाण साडेसहाला एकच्या आसपास, म्हणजे माणसाच्या दंडाला झेपेल एवढं.

युद्ध संपलं आणि 'डिस्पोजल' हा शब्द मराठीत आला. डिस्पोजलची गाडी, डिस्पोजलचे बूट. अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांनी मागे सोडलेला माल लिलावात निघाला आणि जीप जमीनदार, कंत्राटदार, उमेदवार यांच्या दारात आल्या. जुन्या जीप विकत घेताना काय होऊ शकतं, याचा पहिला राष्ट्रीय धडाही लगेच मिळाला. १९४८ साली काश्मीरचं युद्ध चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा जीप-खरेदीचा करार केला. नव्यांऐवजी जास्त संख्येने, दुरुस्त केलेल्या जीप. त्यांतल्या १५५ इथे उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्या नाहीत असं लष्कराने सांगितलं. स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा म्हणून आपण हे प्रकरण भ्रष्टाचाराच्या खात्यात वाचतो. मला त्यात सुट्या भागांची गोष्टही दिसते. जुनी गाडी स्वस्त असते ती तिचा पुढचा खर्च आपल्याला दिसत नाही तोवरच.

तिकडे मुंबईत महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली आणि माझगावला विलीजचे खोके उघडून जीप जोडू लागली. सगळे भाग परदेशातून, जोडणी इथे. पण १९५३मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवावेत, नाहीतर जावं. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना गुंडाळला, फोर्डही गेली. महिंद्र राहिली. यातूनच पुढे इथे सेल्फ बनवणारे उभे राहिले. ब्रिटिश लुकास आणि मद्रासची टीव्हीएस यांनी १९६१ साली लुकास-टीव्हीएस काढली, आणि भारतीय गाडीचा सेल्फ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच नाव येऊ लागलं.

महिंद्रने धरून ठेवली ती विलीजची 'सीजे-३बी'. अमेरिकेत ही १९५३ साली आली. नव्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह-रचनेमुळे त्याची उंची वाढली, म्हणून बॉनेट उंच झालं. बाकी सगळं तेच. अमेरिकेत ती १९६८ला संपली. आपल्याकडे मात्र तिचा चेहरा पुढची चार दशकं टिकला. तहसीलदाराची जीप, गटविकास अधिकाऱ्याची जीप, कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची जीप, साखर कारखान्याच्या निवडणुकीतली जीप, सगळ्यांचा चेहरा तोच. सात उभ्या फटी, दोन गोल दिवे.

आत मात्र काहीच एक राहिलं नाही. मुळात विलीजनेच घोळ सुरू केला होता. युद्धातल्या जीपच्या फ्लायव्हील-रिंगला ९७ दात, नंतरच्या ६ व्होल्टच्या नागरी जीपला १२४, आणि १२ व्होल्ट आल्यावर १२९. लष्कराची १९५०ची एम-३८ तर २४ व्होल्टची. १२ व्होल्टची बॅटरी ६ व्होल्टच्या सेल्फला जोडणारे बहाद्दर सगळीकडे होते. सेल्फ फिरतो, जरा जास्तच उत्साहाने फिरतो, आणि दर वेळी बेंडिक्स रिंगच्या दातांवर हातोड्यासारखा आपटतो. काही वर्षांनी रिंगचे दात एका जागी झिजतात. इंजिन बंद होताना ठरावीक दोन-तीन जागांवरच थांबतं, त्यामुळे झीजही तिथेच. मग सेल्फ चांगला, बॅटरी चांगली, पण गाडी अधूनमधून नुसती 'खर्रर्र' करते. गिअर टाकून गाडी वीतभर ढकलली की रिंग पुढे सरकते आणि सेल्फ धरतो. या ढकलण्याचं कारण ठाऊक नसलेले ड्रायव्हरही ते करतात.

खरी उलथापालथ केली डिझेलने. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि डिझेल त्यामानाने स्वस्त ठेवलं गेलं. महिंद्रकडे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत साठच्या दशकापासून कांदिवलीला 'बी-२७५' ट्रॅक्टर बनत होता, त्याचं इंजिन सत्तरच्या दशकात जीपमध्ये बसलं. जीपचं नांगराशी नातं जुळलं ते असं. मग १९७९मध्ये फ्रेंच पूजोशी करार होऊन 'एक्सडीपी' इंजिन आलं. त्यासाठी इगतपुरीला कारखाना उभा राहिला. त्यानंतर आणखी एक, थेट इंधन फवारणारं 'एमडीआय'. डिझेल ठिणगीवर पेटत नाही, दाबाने तापलेल्या हवेत पेटतं, म्हणून पूजोच्या इंजिनाचं दाबाचं प्रमाण विसाच्याही पुढे. इथे हँडलचा प्रश्न मिटला. एवढा दाब माणसाचा दंड उलथवू शकत नाही. पेट्रोल जीपमध्ये सेल्फ ही सोय होती. डिझेल जीपमध्ये ती गरज झाली, आणि सेल्फ अंगापिंडाने दांडगा झाला.

आणि मग लोकांनी जे केलं ते कुठल्याच कंपनीच्या वहीत नाही. हजारो पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. ट्रॅक्टरची, अपघातात गेलेल्या गाड्यांची, भंगारात मिळाली ती. हरियाणातल्या मंडी डबवालीत, दिल्लीच्या मायापुरीत यातून अख्खे बाजार उभे राहिले. आपल्याकडे तालुक्याच्या गावचा एक लेथवाला आणि एक मिस्त्री पुरेसा असे. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नसत, तर मध्ये लोखंडी प्लेट कापून बसवायची. सैन्याने एकसारखी असावी म्हणून घडवलेली गाडी इथे प्रत्येक घरची वेगळी झाली. गरिबीने ती वेगळी केली असं म्हणायचा मोह होतो. पण नुसती गरिबी नव्हती. बाहेरून आणायला परवाना लागे, नवीन गाडीला नंबर लावावा लागे. वाट पाहण्यापेक्षा कापणं-जोडणं जलद होतं आणि ते येणारी माणसं होती. त्या माणसांना आपण 'जुगाडू' म्हणून कौतुक करतो, ते मला फारसं आवडत नाही. मिलिमीटरच्या हिशोबात चुकलं तर दात मोडतो, असं काम जुगाडाने होत नाही.

मामांच्या जीपच्या आरसी बुकात इंजिन बदलल्याची नोंद आहे. इंधन : डिझेल. कुठलं डिझेल ते नाही. इंजिन नीट पाहिल्यावर एवढं कळलं, की ट्रॅक्टरचं नाही, पूजोचं. नाना पेठेतून त्या इंजिनाचा सेल्फ आणला. बसला नाही. बोल्टांची भोकं जुळत होती, पण बेंडिक्स रिंगपर्यंत पोचतच नव्हता. मध्ये ती प्लेट होती, चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी कापलेली. तिच्या जाडीएवढं अंतर कमी पडत होतं. काढलेला जुना सेल्फ साफ केल्यावर दिसलं, की त्याचं पुढचं तोंड दुसऱ्याच कुठल्या सेल्फचं आहे, लेथवर कापून बसवलेलं. या गाडीचा सेल्फ बाजारात मिळत नव्हता, कारण तो बाजारात कधी नव्हताच. तो जगात एकच होता आणि जळालेला होता.

इथे एक परदेशी प्रकरण आठवतं. २०१८ साली महिंद्रने अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची गाडी आणली, रस्त्यावर नव्हे तर शेतात-रानात चालवायची. सीजे-३बीचीच नात. भारतातून खोके जात आणि डेट्रॉइटच्या परिसरात जोडणी होई. माझगावची बरोबर उलटी चाल. जीपचं नाव तोवर फियाट-क्रायस्लरकडे आलं होतं. त्यांनी तक्रार केली आणि २०२०मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने निर्णय दिला, की ही गाडी जीपच्या रूपाची नक्कल आहे. मग महिंद्रला तिचं तोंड बदलावं लागलं. आतल्या भारतीय डिझेल इंजिनाला त्या निर्णयाचा त्रास नव्हता. भांडण चेहऱ्याचं होतं. दुसरीकडे, अमेरिकेत जुन्या विलीज जतन करणारे हौशी लोक जे नवे सुटे भाग विकत घेतात, त्यांतले कितीतरी भारतात बनतात. ९७ दातांची रिंग आज ओहायोतल्या माणसाला घरपोच मिळते. त्याची गाडी १९४४मध्ये होती तशीच आहे, म्हणून मिळते. वर्षानुवर्षं राबलेल्या, बदलत गेलेल्या गाडीला कॅटलॉग नसतो.

मग उरते ती हायवेवरची पाटी. कराडच्या बाहेर एका चाचांचं दुकान आहे, वडलांपासूनचं. त्यांनी सेल्फ उघडला, आर्मेचर नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "जळालाय, पण मेला नाही." आर्मेचर आणि फील्ड कॉइल नव्याने भरायची, कार्बन आणि बुश नवे, कम्युटेटर लेथवर एक हात फिरवून सपाट, सोलेनॉइड बदलायचा. तोंड तेच ठेवायचं. मी विचारलं, हे तोंड कुणी केलं असेल? त्यांनी ते फिरवून आतल्या बाजूची कापणी पाहिली आणि मिरजेच्या एका लेथवाल्याचा अंदाज सांगितला. तो माणूस आता नाही. कॉलेजात आम्ही आर्मेचर वाइंडिंगच्या आकृत्या काढल्या होत्या, गुणही मिळाले होते. चाचा जाड तांब्याच्या पट्ट्या जुन्या घड्या बघून वाकवत होते. कागद कुठे नव्हता. जुनी गुंडाळी उकलताना ती मोजायची, तोच नकाशा. पूर्ण जळून वितळली असती तर नकाशाही गेला असता.

त्यांचा मुलगा शेजारीच मोटारसायकलच्या बॅटऱ्या विकतो. सेल्फ भरायला तो शिकलेला नाही. आता कंपनीचा सेल्फ खराब झाला तर अख्खा बदलतात, भरायला येणारे ट्रॅक्टर आणि जुन्या जीपच, असं तो म्हणाला. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीला हरित कर आहे, नोंदणीचं नूतनीकरण आहे, २०२१पासून भंगारात काढायचं सरकारी धोरण आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या कमी व्हाव्यात याला माझा विरोध नाही. मामांची जीपही धूर ओकते. पण गाडी भंगारात जाताना तिची नोंद होते, आणि ती जिवंत ठेवणारा हात जातो त्याची होत नाही.

चाचांनी चार दिवस घेतले. बाकावर दोन वायर लावून सेल्फ फिरवून दाखवला. तो जागच्या जागी उडी मारतो म्हणून त्यावर पाय ठेवून. बिल लिहिताना आधी जुनं तांबं तराजूत टाकलं, वजनाचे पैसे वजा केले, आणि प्लेटच्या जाडीचं माप सेल्फच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलं, पुढच्या माणसासाठी.